परकीय सत्तेखालील इजिप्तची कला : अखेरच्या शिलालेखाचा बोध



इजिप्तच्या दक्षिण सीमेवर, अस्वानजवळ, नाईल नदीच्या पात्रात फिलाए नावाचे एक लहानसे बेट होते. त्या बेटावर इसिस देवीचे विख्यात मंदिर होते. धरणाच्या पाण्यात ते बुडू नये म्हणून १९७२ ते १९८० या काळात युनेस्कोच्या पुढाकाराने ते दगडादगडाने उतरवून शेजारच्या अगिलकिया बेटावर पुन्हा उभे करण्यात आले. या मंदिराच्या परिसरात रोमन सम्राट हेड्रियनच्या नावाने ओळखले जाणारे एक द्वार आहे. त्याच्या भिंतीवर मंडुलिस या देवतेची काहीशी ओबडधोबड आकृती असून तिच्यालगत प्राचीन चित्रलिपीतील मोजके शब्द कोरलेले आहेत. कोरणाऱ्याने आपले नाव दिले आहे : नेसमेतेराखेम, नेसमेतेराचा पुत्र, इसिसचा पुरोहित. हे लेखन चिरकाल टिकावे, अशी इच्छाही त्याने नोंदवली आहे. दिवस होता ओसिरिस देवाच्या जन्मोत्सवाचा. आजच्या गणनेनुसार ती तारीख २४ ऑगस्ट, इ.स. ३९४ अशी येते.

चित्रलिपीतील तारीख ज्ञात असलेला हा अखेरचा शिलालेख होय. सुमारे साडेतीन हजार वर्षे अखंड वाहत आलेला लेखनाचा प्रवाह येथे थांबला.

या घटनेत एक कोडे दडलेले आहे. इजिप्तचा अखेरचा स्वदेशी फेरो नेक्तानेबो दुसरा याला इराणी आक्रमकांनी पदच्युत केले, ते इ.स.पू. ३४३ च्या सुमारास. म्हणजे स्वराज्य गेल्यानंतरही इजिप्तची कला, लिपी आणि उपासना सातशेहून अधिक वर्षे जिवंत राहिली. या काळात आधी ग्रीकांनी राज्य केले, नंतर रोमनांनी. सिंहासन गमावलेल्या समाजाची कला इतका दीर्घ काळ कशाच्या बळावर तग धरून राहिली? आणि इतकी वर्षे टिकलेली ती कला अखेर का लोपली? या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. ते ठिकाण म्हणजे मंदिर.

राजा परका, वेश इजिप्तचा

इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडर इजिप्तमध्ये शिरला. राजधानी मेम्फिस येथे त्याने पवित्र एपिस वृषभाला आणि इतर देवतांना बली अर्पण केले. इराणी राजवटीला विटलेल्या प्रजेने त्याला फारसा विरोध केला नाही. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा सेनापती टॉलेमी याने इजिप्त बळकावले आणि इ.स.पू. ३०५ मध्ये राजपद धारण केले. त्याच्या घराण्याचे राज्य क्लिओपात्रा सातवीच्या अंतापर्यंत, म्हणजे इ.स.पू. ३० पर्यंत चालले. हे घराणे भाषेने आणि संस्काराने ग्रीकच राहिले. इजिप्तची भाषा शिकणारी क्लिओपात्रा ही या वंशातील पहिलीच राज्यकर्ती होती, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे.

परंतु या ग्रीक राजांची मंदिरांच्या भिंतींवरील रूपे पाहिली तर काय दिसते? तेथे अलेक्झांड्रियातील ग्रीक वेशभूषेचा मागमूसही नाही. डोक्यावर उत्तर आणि दक्षिण इजिप्तचा जोडमुकुट, कमरेला चुण्यांचे आखूड वस्त्र, हातात नैवेद्य किंवा शस्त्र, चेहरा आणि पाय एका बाजूने तर खांदे समोरून दाखवलेले. हजार वर्षांपूर्वीचा फेरो जसा कोरला जाई, तसाच हा टॉलेमी कोरलेला आहे. अलेक्झांड्रियात त्याने वाटेल तो वेश करावा. देवासमोर उभे राहावयाचे तर ते देवाच्या भाषेत आणि देवळाच्या शिस्तीतच, हा नियम पुरोहितांनी आणि शिल्पकारांनी ढळू दिला नाही.

या शिस्तीमागे काटेकोर गणित होते. मानवी आकृती कोरण्यापूर्वी भिंतीवर चौकोनांची जाळी आखली जाई. जुन्या पद्धतीत पायाच्या तळव्यापासून कपाळावरील केसांच्या रेषेपर्यंत अठरा चौकोन धरले जात. पुढे, ग्रीक येण्याच्या बऱ्याच आधी, डोळ्याच्या वरच्या पापणीपर्यंत एकवीस चौकोनांची पद्धत रूढ झाली. टॉलेमींच्या काळातही हीच एकवीस चौकोनांची पद्धत चालू राहिली. चुनखडीच्या दगडात घडवलेले आणि आखणीच्या रेषा तशाच राहिलेले सरावाचे नमुने आज अनेक वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. हात बदलत होते, पिढ्या बदलत होत्या; माप बदलत नव्हते.

याची भव्य साक्ष म्हणजे एडफू येथील होरस देवाचे मंदिर. टॉलेमी तिसरा याच्या काळात, इ.स.पू. २३७ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि इ.स.पू. ५७ मध्ये ते पूर्णत्वास गेले. एकशे ऐंशी वर्षे! या अवधीत दक्षिण इजिप्तमध्ये परकीय राजवटीविरुद्ध मोठा उठाव झाला आणि सुमारे वीस वर्षे तेथे स्वतःला फेरो म्हणवणाऱ्या स्वदेशी नेत्यांचा अंमल होता. त्या अशांततेत बांधकाम थांबल्याची नोंद खुद्द मंदिराच्या लेखांतच आढळते. शांतता होताच काम पुन्हा सुरू झाले. प्रवेशद्वाराचे ३६ मीटर उंचीचे दोन बुरूज, पाषाणातील ससाणे आणि छतापर्यंत लेखांनी भरलेल्या भिंती आजही पाहता येतात. आतील एका लहान खोलीत मंदिराचा ग्रंथसंग्रह असे. त्यातील ग्रंथांची यादी भिंतीवर कोरून ठेवलेली आहे. मंदिर हे तेथे केवळ पूजास्थान नव्हते. ते विद्यापीठ, ग्रंथालय आणि शिल्पशाळाही होते. लेखन आणि पठण जेथे चाले त्या विभागाला ‘जीवनगृह’ अशा अर्थाचे नाव होते.

पुरोहितवर्गाच्या मनातील राजाचे स्थान कोणते होते, हे देंदेरा येथील हाथोर देवीच्या मंदिरात कळते. मागील भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा पुत्र सीझेरियन यांच्या प्रचंड आकृती आहेत. मात्र त्याच मंदिरात राजाचे नाव लिहिण्याच्या कित्येक लंबगोल चौकटी रिकाम्या सोडलेल्या आहेत. अलेक्झांड्रियात सत्तेसाठी भाऊ-बहिणी आणि पिता-कन्या एकमेकांविरुद्ध उठले होते. उद्या कोण गादीवर असेल याचा भरवसा नव्हता. म्हणून चौकट कोरली, आकृती कोरली, पूजा अचूक कोरली आणि नाव तेवढे राहू दिले. राजा कोणीही असो, पूजा थांबता कामा नये.

अंतर्मनाची भाषा

याचा अर्थ इजिप्तच्या कलावंतांनी परक्यांकडून काहीच घेतले नाही, असा नव्हे. जिवंत संस्कृती दारे लावून बसत नाही. प्रश्न असतो तो काय घ्यावयाचे आणि ते कोठे ठेवावयाचे, याचा.

मध्य इजिप्तमधील तुना एल-गेबेल येथे पेटोसिरिस या महापुरोहिताची समाधी आहे. तो ज्ञानदेवता थॉथच्या मंदिराचा प्रमुख होता आणि त्याचा काळ इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचा. परकीय अंमलात मंदिराची झालेली दुर्दशा आणि आपण केलेला जीर्णोद्धार त्याने आपल्या लेखात वर्णिला आहे. त्याच्या समाधीच्या बाहेरील दालनात शेतकरी, द्राक्षे तुडवणारे मजूर, सुतार आणि धातुकाम करणारे कारागीर दिसतात. त्यांची वस्त्रे, वळणे आणि हालचाली यांवर ग्रीक शैलीचा स्पष्ट ठसा आहे. पण एक उंबरठा ओलांडून आतल्या कक्षात जावे, तो सारे दृश्य पालटते. अंत्ययात्रा, देवता, प्रार्थना हे सर्व शुद्ध इजिप्शियन रीतीने कोरलेले आहे. व्यवहाराच्या दालनात नवे. गाभ्यात मात्र परंपरा. पेटोसिरिसच्या शिल्पकारांनी काढलेली ही सीमारेषा मोठी अर्थपूर्ण आहे.

पुढे सरमिसळ वाढत गेली. टॉलेमींनी ओसिरिस आणि एपिस यांच्या जुन्या उपासनेतून सेरापिस हा देव पुढे आणला आणि त्याला ग्रीक झ्यूससारखी दाढी व केशसंभार दिला. अलेक्झांड्रियातील कोम एल-शोकाफा या भुयारी दफनभूमीत, इ.स. दुसऱ्या शतकात, मृतांचा रक्षक अनुबिस चक्क रोमन सैनिकाच्या चिलखतात उभा आहे. आज ते दृश्य पाहून हसू येते; पण कोरणाऱ्याच्या दृष्टीने त्यात विनोद नव्हता. मृत्यूनंतर रक्षण करणारा देव अजूनही अनुबिसच होता. त्याच्या अंगावरील चिलखत मात्र तत्कालीन सत्ताधाऱ्यांचे होते.

याच काळातील फायूम व्यक्तिचित्रे जगप्रसिद्ध आहेत. लाकडाच्या पातळ फळीवर, बहुधा मेणात कालवलेल्या रंगांनी काढलेले हे चेहरे ममीच्या मुखावर बसवले जात. अशी सुमारे नऊशे ते हजार चित्रे आज ज्ञात आहेत. १८८८ मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांना हवारा येथे ती मोठ्या संख्येने सापडली. टपोरे डोळे, रोमन पद्धतीची केशरचना, कानांत मोत्यांचे अलंकार. चेहरा पाहून आताच बोलेल असे वाटावे! ब्रिटिश म्युझियममध्ये आर्टेमिडोरस नावाच्या तरुणाची ममी आहे. त्याचे नाव ग्रीक, चित्राची शैली रोमन, निरोपाचा लेख ग्रीक भाषेत. पण लाल आवरणावर सोनेरी वर्खात काय रेखाटले आहे? अनुबिस आणि मृत्यूनंतरच्या पुनर्जन्माची इजिप्शियन दृश्ये. जगताना ग्रीक आणि रोमन म्हणून मिरवणारा तो तरुण मृत्यूच्या दारात इजिप्तच्या देवांच्या आश्रयाला आला. संस्कृतीची मुळे किती खोल असतात, हे येथे ध्यानात येते.

सन्मान मोठा, मुळावर घाव

इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमचा प्रांत झाला. विजेत्या ऑगस्टसला एपिस वृषभाच्या दर्शनास बोलावले असता, आपण देवांना पूजतो, गुराढोरांना नव्हे, असे त्याने सुनावल्याचे इतिहासकार डिओ कॅशियस सांगतो. तरीही त्याच ऑगस्टसला डेंडूरच्या मंदिरावर शिल्पकारांनी फेरोच्या वेशात इसिस आणि ओसिरिस यांना नैवेद्य दाखवताना कोरले! हे मंदिर इजिप्तने १९६५ मध्ये अमेरिकेला भेट दिले आणि आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

वरवर पाहता रोमन काळात इजिप्तच्या कलेचा मानमरातब वाढला होता. हेलिओपोलिसचे प्रचंड पाषाणस्तंभ जहाजांवर लादून रोमला नेण्यात आले. इसिसची उपासना इटलीपासून थेट लंडनपर्यंत पोहोचली. हेड्रियनने तिव्होलीच्या आपल्या प्रासादात इजिप्शियन धाटणीच्या मूर्ती उभारल्या. पण ज्या भूमीत ही कला जन्मली, तेथे काय चालले होते?

रोमन शासनाने मंदिरांच्या जमिनी आपल्या नियंत्रणाखाली आणल्या. देवळाला स्वतःच्या उत्पन्नाऐवजी शासनाच्या मेहेरबानीवर जगणे भाग पडले. करमाफी मिळणाऱ्या पुरोहितांची संख्या ठरवून देण्यात आली. पुरोहिताच्या मुलाला दीक्षा द्यावयाची तर अधिकाऱ्यांकडून वंशाची तपासणी करून अनुज्ञा घ्यावी लागे. केस वाढवले किंवा लोकरी वस्त्र वापरले, तर पुरोहिताला दंड करण्याची तरतूद सरकारी नियमावलीत होती. आणि या साऱ्यांवर ‘अलेक्झांड्रिया व सर्व इजिप्तचा महापुरोहित’ या भारदस्त पदवीचा जो अधिकारी नेमला जाई, तो धर्मवेत्ता नसून रोमचा एक प्रशासक असे. मूर्तिभंजन झाले नाही, मंदिरे पाडली गेली नाहीत. मात्र मंदिराचा प्राण असलेली स्वायत्तता कागदोपत्री, शांतपणे काढून घेतली गेली.

दुसरा घाव भाषेवर बसला. नोंदणी आणि न्यायालयीन व्यवहारांसाठी ग्रीक अपरिहार्य झाली. इजिप्शियन भाषेची व्यवहारातील डेमोटिक लिपी करारपत्रांतून पहिल्या शतकातच जवळजवळ नाहीशी झाली. ज्या लिपीत घर विकता येत नाही, कर्ज घेता येत नाही, ती लिपी सामान्य माणूस मुलाला कशासाठी शिकवील? लिपी देवळाच्या आवारात कोंडली गेली. तेब्तुनिस येथील मंदिराच्या ग्रंथसंग्रहात इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील पोथ्या सापडल्या आहेत. त्यांतील काहींत प्राचीन शब्दांचे उच्चार कळावेत म्हणून ओळींवर ग्रीक अक्षरांत टिपा दिलेल्या आहेत. आपल्याच पूर्वजांचा शब्द वाचावयास परकीय अक्षरांची कुबडी घ्यावी लागत होती.

तरीही पुरोहितांनी हार मानली नव्हती. उलट याच काळात त्यांनी चित्रलिपीचा विलक्षण विस्तार केला. पूर्वी सुमारे सातशे चिन्हांवर भागत असे. ग्रीक-रोमन काळातील मंदिरलेखांत चिन्हांची संख्या काही हजारांवर गेली. एकोणिसाव्या शतकातील अनेक युरोपीय पंडितांनी या कलेची ‘ऱ्हासकालीन’ म्हणून हेटाळणी केली. काही आकृती बोजड आहेत, भिंती लेखांनी खच्चून भरल्या आहेत, हे खरेच. पण त्या भरगच्च भिंतींमागची तळमळ त्या पंडितांना दिसली नाही. पोथी जळेल, विद्यार्थी मिळणार नाही, तेव्हा जे जे ठाऊक आहे ते ते दगडावर लिहून ठेवा, अशी जणू ती घाई होती.

एस्ना येथील ख्नुम देवाच्या मंदिराचा सभामंडप याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या चोवीस स्तंभांवर आणि भिंतींवर सम्राट क्लॉडियसपासून डेशियसपर्यंत, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत, कोरीव काम चालू होते. शतकानुशतकांच्या काजळीने ते काळवंडले होते. २०१८ मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व विभागाने जर्मनीतील ट्युबिंगन विद्यापीठाच्या साहाय्याने त्याची स्वच्छता हाती घेतली, तेव्हा काजळीखालून निळे, लाल, पिवळे रंग आणि छतावरील नक्षत्रमंडळे लखलखत बाहेर आली. ‘ऱ्हास’ म्हणून ज्याकडे पाठ फिरवली गेली, तेथे एका समाजाने आपले ज्योतिष आणि स्तोत्रे जपून ठेवली होती.

ज्योत विझली ती अशी

चौथ्या शतकात रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सम्राट थिओडोसियसने ३९१-३९२ मध्ये जुन्या देवांची पूजा आणि मंदिरप्रवेश यांवर बंदी घातली. त्याच सुमारास अलेक्झांड्रियातील सेरापिसचे महामंदिर उद्ध्वस्त झाले. म्हणजे नेसमेतेराखेमने फिलाएच्या द्वारावर छिन्नी चालवली, तेव्हा ती पूजा कायद्याने निषिद्ध ठरून दोन-तीन वर्षे उलटली होती. साम्राज्याच्या टोकावरील ते मंदिर केवळ एका कारणाने वाचले होते : दक्षिणेकडील न्युबियातील जमातींची इसिसवर निष्ठा होती आणि त्यांना दुखावणे रोमला परवडणारे नव्हते. डेमोटिक लिपीतील अखेरचा लेखही फिलाए येथेच, इ.स. ४५२ मध्ये लिहिला गेला. पुढे इ.स. ५३५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने मंदिराला टाळे लागले आणि मूर्ती कॉन्स्टॅन्टिनोपलला नेण्यात आल्या. मंदिराच्या सभामंडपात चर्च सुरू झाले. तेथील क्रूस आणि तासून काढलेल्या देवतांच्या मुद्रा अद्यापि दिसतात.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगावयास हवी. इजिप्तच्याच ख्रिस्ती समाजाने प्राचीन भाषा ग्रीक अक्षरांत आणि डेमोटिकमधून घेतलेल्या काही अक्षरांत, कॉप्टिक या रूपात जपली. त्यांच्या प्रार्थनांत ती आजही आहे. मेम्फिसच्या पुरोहितसभेने इ.स.पू. १९६ मध्ये चित्रलिपी, डेमोटिक आणि ग्रीक अशा तीन लिपींत कोरवून घेतलेला रोझेटा शिलालेख १७९९ मध्ये सापडला आणि १८२२ मध्ये शॅम्पोलियनने चित्रलिपीचे रहस्य उलगडले, त्यात त्याच्या कॉप्टिकच्या ज्ञानाचा वाटा फार मोठा होता. भाषेचा एक धागा शिल्लक होता, म्हणून कुलूप उघडले. पण मधल्या चौदाशे वर्षांत त्या भिंती इजिप्तच्या लेकरांसाठी मुक्या होत्या. आजोबांचे पत्र हाती आहे, अक्षरे स्वच्छ आहेत, आणि वाचता येत नाही!

भारताशी जुळलेला धागा

ही कहाणी आपल्यापासून फार दूरची नाही. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके हे रोमन इजिप्तचे बंदर भारतीय व्यापाराचे केंद्र होते. तेथील इसिस मंदिराच्या प्रांगणात २०२२ मध्ये संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. त्याच मंदिरात सम्राट फिलिपच्या काळातील, तिसऱ्या शतकाच्या मध्याचा संस्कृत लेख मिळाला. आणि मराठी मनाला विशेष आनंद देणारी गोष्ट म्हणजे तेथे सातवाहनांची नाणीही मिळाली. जुन्नरहून नाणेघाट उतरून कल्याण बंदराकडे जाणारा माल ज्या समुद्रमार्गाने पश्चिमेस जाई, त्याच्या दुसऱ्या टोकाला इजिप्तची ही बंदरे होती. इसिसच्या अंगणात बुद्धाला जागा मिळाली. ‘माझाच देव खरा’ हा आग्रह तेथे अद्याप पोहोचावयाचा होता.

आपल्याकडे परंपरा तुटली नाही, याचा अभिमान अवश्य असावा. गाफीलपणा मात्र नसावा. नाणेघाटातील सातवाहनांचा लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहे, ती लिपीही आपण विसरलो होतो. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा वाचून दाखवली. फरक एवढाच की आपली मंत्रविद्या, आपली स्तोत्रे आणि पूजाविधी गुरुमुखातून शिष्याकडे येत राहिले, म्हणून लिपी हरवली तरी वारसा हरवला नाही. इजिप्तमध्ये देणाऱ्या मुखांनाच जागा उरली नाही.

इजिप्तचे राज्य गेले, तेव्हा कला गेली नाही. परकी शैली आली, तेव्हाही ती गेली नाही. तिने त्या शैलीला आपल्या दालनात बसवून घेतले. तिची कीर्ती रोमभर पसरली, पण त्या कीर्तीने ती वाचली नाही. मंदिराची उपजीविका शासनाच्या हाती गेली, लिपीचा रोजच्या जीवनाशी संबंध तुटला आणि शिकणारा विद्यार्थी येईनासा झाला, तेव्हा ती संपली. बंदीचा हुकूम आला तोवर ज्योतीतील तेल पुष्कळसे आटलेलेच होते.

फिलाएच्या द्वारावर नेसमेतेराखेमने आपले शब्द चिरकाल टिकावेत अशी इच्छा कोरली. दगडाने आपले काम चोख केले. ते शब्द सोळाशे वर्षांनंतरही तेथे आहेत. पण दगड केवळ अक्षर सांभाळतो, अर्थ सांभाळावा लागतो तो माणसांनी. त्या पुरोहिताच्या शेजारी बसून छिन्नी धरावयास शिकणारा एखादा मुलगा असता, तर तो लेख अखेरचा ठरला नसता. आपल्या प्रत्येक मंदिरात, पाठशाळेत आणि घरात तो मुलगा बसलेला आहे की नाही, हे पाहण्याचे दायित्व आपले आहे.